दोन रॉनी पुन्हा बघायचे, तर न बोलणाऱ्याकडे बघा

‘द टू रॉनीज’ हा बीबीसीचा जुना विनोदी कार्यक्रम पुन्हा बघायला बसणार असाल, तर आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि लॅपटॉप किंवा टीव्ही लावा. या कार्यक्रमातला निम्मा विनोद त्या क्षणी जो बोलत नाहीये त्याच्या चेहऱ्यावर घडतो. छोट्या पडद्यावर तो चेहरा हरवतो आणि मग हाती फक्त वाक्यं उरतात. नुसत्या वाक्यांवर हसायचं तर इंग्रजी फार पक्कं लागतं. चेहऱ्यांवर हसायला तेवढं लागत नाही.

माझं सांगलीत गणपती पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, आता मी बघते. रात्री शटर अर्धं ओढलं की आमच्या हौशी नाटक ग्रुपातली मंडळी तिथंच जमतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू नसल्या की काउंटरवर लॅपटॉप ठेवून आम्ही प्रहसनांचे तुकडे बघतो, मध्येच थांबवतो, वाद घालतो, परत लावतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात नाटक उभं केलं, तिथं नाटकावर वाद घालायला माणसं कमी पडत नाहीत. दोन रॉनी या काउंटरवर पुन्हा पुन्हा येतात. नव्या पोरांना ते दाखवताना कुठून सुरू करायचं, काय गाळायचं, आवाज कधी बंद करायचा याची एक रीत बसत गेली, ती सांगते.

आधी माणसं ओळखून घ्या. रॉनी बार्कर (1929–2005) म्हणजे जाडजूड, भरदार आवाजाचा, रोज वेगळा माणूस होऊ शकणारा नट. रॉनी कॉर्बेट (1930–2016) एडिंबराचा, उंची जेमतेम पाच फूट एक इंच, चष्मा, नीटनेटका. दोघांची गाठ 1963 साली लंडनमधल्या नटमंडळींच्या एका क्लबात पडली. कॉर्बेट तेव्हा तिथल्या बारमागे काम करत होता. 1966 मध्ये ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ या कार्यक्रमात ते एकत्र आले आणि 1971 पासून 1987 पर्यंत बीबीसीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम चालला. एवढं पुरे. बाकी चरित्र नंतर वाचता येईल.

सुरुवात पूर्ण भागापासून करू नका. एक भाग पाऊण तासाच्या आसपासचा असतो, त्यात बातम्या, गाणं, पाहुणी गायिका, क्रमशः चालणारी गोष्ट असं सगळं येतं, आणि नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत कंटाळतो. सुरुवात 1966 च्या त्या ‘फ्रॉस्ट रिपोर्ट’मधल्या वर्गभेदाच्या प्रहसनापासून करा. तीन माणसं एका ओळीत उभी: उंच जॉन क्लीझ उच्चवर्गीय, मधला बार्कर मध्यमवर्गीय, बुटका कॉर्बेट कामगार. उंचीवरूनच सगळं कळतं. प्रत्येक जण आपण कुणाकडे वर बघतो आणि कुणाकडे खाली ते सांगतो, आणि कॉर्बेट म्हणतो, आपली जागा आपल्याला ठाऊक आहे. दोन मिनिटांचासुद्धा ऐवज नाही. पण बघताना नजर कॉर्बेटच्या मानेवर ठेवा. बाकीचे दोघं बोलत असताना ती मान कधी वर जाते, कधी समोर येते, एवढंच बघा. आपल्याकडे ‘पायरी’ म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे हा तुकडा सांगलीत पहिल्या फटक्यात पोचतो.

मग मेणबत्त्यांकडे या. ‘फोर कँडल्स’ या नावानं ओळखलं जाणारं प्रहसन पहिल्यांदा सप्टेंबर 1976 मध्ये दाखवलं गेलं. ते हार्डवेअरच्या दुकानात घडतं, त्यामुळे त्यावर मी जास्त बोलणार आहे.

बघण्याआधी एक तयारी हवी. इंग्लंडमध्ये बऱ्याच साध्या माणसांच्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळतो. हँडलचं ‘अँडल’ होतं. आपण शाळेत शिकलेल्या इंग्रजीत हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बसलेल्यांना हे आधी सांगा, आणि एवढंच सांगा. लोकरी टोपी घातलेला बार्कर दुकानात येतो आणि काहीतरी मागतो. दुकानदार कॉर्बेट चार मेणबत्त्या काढून काउंटरवर ठेवतो. गिऱ्हाइकाला हवे असतात फोर्कचे, म्हणजे बागकामाच्या दाताळ्याचे दांडे. ‘फोर्क अँडल्स’ भरभर म्हणून बघा, दुकानदाराचं काहीच चुकलेलं नाही हे पटेल.

पहिल्या वेळी सबटायटल बंद ठेवा. ही सूचना मी हट्टानं पाळायला लावते, कारण सबटायटल लिहिणाऱ्याला दोन अर्थांपैकी एकच छापता येतो. त्यानं दांडे छापले तर मेणबत्त्या निघण्याआधीच विनोद संपला, आणि मेणबत्त्या छापल्या तर गिऱ्हाईक वेडं वाटतं. ‘अक्का, काय बोलतोय कळंना, लावा की खाली अक्षरं,’ असं पोरं म्हणतात. लावायची नाहीत. काही शब्द निसटू देत. दुसऱ्या वेळी लावा.

दुसऱ्या वेळी प्रत्येक वस्तू कशी फिरते ते बघा. गिऱ्हाईक प्लग मागतं. दुकानदार विचारतो, कसला? गिऱ्हाईक म्हणतं, रबरी, बाथरूमचा. दुकानदार बुचांची पेटी काढतो, माप विचारतो, आणि उत्तर येतं तेरा अँपिअर! इंग्लंडमधला विजेचा प्लग तेरा अँपिअरचा असतो, हे माहीत असलं की वाक्य चपखल बसतं. मग ‘ओज’ मागितले जातात. दुकानदार खुरपणीचं अवजार (‘हो’) आणतो, मग पाण्याची नळी (‘होज’) आणतो, मग बायकांचे लांब मोजे (तेही ‘होज’) आणतो, आणि शेवटी कळतं की गिऱ्हाइकाला घराच्या फाटकावर लावायचं ‘ओ’ हे अक्षर हवंय. अक्षरांची पेटी वरच्या फळीवर. शिडी लावून ती उतरवली जाते, काम झालं की परत वर ठेवली जाते. लगेच पुढची मागणी: ‘पीज’. पुन्हा शिडी, पुन्हा पेटी खाली. आणि हवे असतात वाटाण्याचे डबे.

तिसऱ्या वेळी आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त कॉर्बेटकडे बघा. सगळ्यांत जास्त मिळतं ते इथं. सुरुवातीला तो मदतीला उत्सुक असलेला, प्रसन्न दुकानदार आहे. प्लगनंतर त्याचं हसू जातं, सौजन्य राहतं. अक्षरांच्या पेटीनंतर सौजन्य जातं, शिस्त राहते. शेवटी तो यादी स्वतःच्या हातात घेतो, तिथं शिस्तही संपलेली असते. या प्रवासात तो एकदाही ओरडत सुटत नाही. बार्कर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच शांत, कारण त्याच्या मते तो अगदी साध्या वस्तू मागतोय.

काउंटरमागे उभं राहणाऱ्याला या प्रहसनात आणखी एक गोष्ट दिसते, ती मी प्रत्येक वेळी थांबवून दाखवते. गिऱ्हाइकाच्या हातात यादी आहे आणि तो एकेक वस्तू सुटी मागतोय. आमच्या धंद्यात दमवतं ते हेच. वरच्या फळीवरचा माल एकाच गिऱ्हाइकासाठी दोनदा उतरवावा लागला की शिडीवरच्या माणसाचे पाय बोलायला लागतात. आमच्या दुकानातले आण्णा, वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यांना इंग्रजी येत नाही. शब्दांच्या कोट्या चालू होत्या तेव्हा ते शांतपणे खिळ्यांच्या पुड्या बांधत होते. कॉर्बेट दुसऱ्यांदा शिडीकडे वळला तेव्हा मात्र ते पुडी टाकून हसले आणि म्हणाले, ‘आता ह्यो परत चढणार बघा!’ त्या लिखाणाची ताकद मला आण्णांच्या त्या हसण्यात दिसते. कोटी कळो न कळो, दमलेला माणूस कळतो. मूळ कल्पनाही एका खऱ्या हार्डवेअर दुकानातल्या घोटाळ्यावरून आलेली आहे, आणि ते जाणवतं.

दोघांपैकी कुणीही मूर्ख नाही, हे पोरांना नीट दाखवून द्या. गिऱ्हाईक प्रत्येक वेळी बरोबर वस्तूचं बरोबर नाव घेतो. दुकानदार जे कानावर पडलं त्याप्रमाणे बरोबर वस्तू आणतो. आपल्याकडे जोडीचं प्रहसन लिहायला घेतलं की एकाला गावंढळ आणि एकाला शहाणा करण्याचा मोह होतो. हे दोघं ते टाळतात. ब्रिटिश जोड्यांमध्येही एक सरळ आणि एक विनोदी अशी वाटणी असायची. या दोघांत ती पक्की नाही. एका प्रहसनात बार्कर दमवतो, दुसऱ्यात कॉर्बेट. प्रहसनाची अगदी शेवटची ओळ मला कमकुवत वाटते, ती सोडून द्या. यादी काउंटरवर येते तिथंच खरं तर सगळं झालेलं असतं.

2006 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत बार्करची स्मरणसभा झाली, तेव्हा मिरवणुकीत नेहमीच्या दोनाऐवजी चार मेणबत्त्या नेल्या होत्या. हे प्रहसन झाल्यावर सांगा, आधी नको.

लेखकाची गोष्ट सांगायची योग्य वेळही हीच. हे बार्करनंच लिहिलंय, पण श्रेयनामावलीत नाव शोधाल तर ‘जेराल्ड वायली’ असं सापडेल. बार्करनं 1968 च्या सुमारास या खोट्या नावानं आपल्या एजंटामार्फत संहिता पाठवायला सुरुवात केली. मोठ्या नटानं लिहिलंय म्हणून घेतलं असं होऊ नये, कागदावर जे आहे त्यावरच निवड व्हावी, एवढाच हेतू. सोबतच्या मंडळींत हा वायली कोण याचे तर्क चालायचे. कॉर्बेटला डॉक्टरांच्या दवाखान्यात वाट बघणाऱ्या माणसांचं एक वायलीचं प्रहसन इतकं आवडलं की त्याचे हक्क मिळाल्याबद्दल त्यानं वायलीला काचेचे पेले भेट पाठवले. शेजारी उभ्या मित्रालाच आपण ते पाठवतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी बार्करनं सगळ्यांना एका चिनी हॉटेलात बोलावून वायली मीच असं सांगितलं. नवं लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही गोष्ट ऐकवते. त्या दवाखान्याच्या प्रहसनात बोलायचं सगळं काम कॉर्बेटकडे आहे आणि भोवती गप्प बसलेली अनोळखी माणसं. दुसऱ्या नटासाठी इतकं चांगलं काम लिहून देणं मला त्याच्या अभिनयाइतकंच मोठं वाटतं.

पुढचं प्रहसन ‘मास्टरमाइंड’, 1980 चं, डेव्हिड रेनविकनं लिहिलेलं. इथं माझी सूचना उलटी आहे: सबटायटल पहिल्यापासून लावा आणि हातात कागद-पेन्सिल घ्या. मास्टरमाइंड ही बीबीसीची 1972 मध्ये सुरू झालेली प्रश्नमंजूषा, काळी खुर्ची, तोंडावर दिवा, गंभीर प्रश्नकर्ता. प्रहसनात बार्कर प्रश्न विचारतो आणि कॉर्बेट प्रत्येक वेळी आताच्या प्रश्नाचं उत्तर न देता त्याच्या आधीच्या प्रश्नाचं देतो. म्हणजे जीवाश्मविद्या म्हणजे काय हा प्रश्न तसाच राहतो, पुढचा प्रश्न उमराव घराण्यांची माहिती देणाऱ्या ग्रंथाचा येतो, आणि उत्तर मिळतं जुन्या जीवाश्मांचा अभ्यास! प्रश्न कागदावर एकाखाली एक लिहा, उत्तरं एक ओळ खाली सरकवून लिहा. दोन रकाने तयार झाले की बांधणी डोळ्यांसमोर येते: प्रत्येक उत्तर मागच्या प्रश्नाला खरं आणि पुढच्याला खोचक बसवलंय. रेनविकचं हे काम मला ‘फोर कँडल्स’पेक्षाही अवघड वाटतं. त्यातल्या राजकारण्यांची आणि कामगार पुढाऱ्यांची नावं 1980 च्या ब्रिटनमधली आहेत. ती सगळी शोधत बसायची गरज नाही, ‘मंत्री’ आणि ‘पुढारी’ एवढं कळलं तरी भागतं.

इथंही न बोलणाऱ्याकडे बघाच. कॉर्बेट उत्तर देतो तेव्हा बार्करच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नाही. तो फक्त ‘बरोबर’ म्हणतो आणि पुढं जातो. प्रश्नकर्त्यानं डोळा मिचकावला असता तर सगळी इमारत कोसळली असती. आमच्यातला एक मुलगा गंभीर भूमिका करताना सहनटाच्या विनोदावर ओठ दुमडायचा. त्याला मी दुसरं काही सांगितलं नाही, हा तुकडा दाखवला.

खुर्चीतला कॉर्बेट सावकाश घ्या. मोठ्या आरामखुर्चीत हा छोटा माणूस बसतो, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि एकच विनोद पाच-सहा मिनिटं सांगतो. म्हणजे सांगायला घेतो आणि निर्मात्याकडे, बायकोकडे, आणखी कुणाकडे भरकटत जातो. आधी हे स्वगत स्पाइक मलिन्स लिहायचा, नंतर रेनविक लिहायला लागला. कीर्तनकार आख्यान सोडून दृष्टांतात शिरतो आणि आपण मूळ कथा विसरलो असं वाटत असतानाच परत तिथं आणून सोडतो, तसं हे ऐका. शेवटच्या विनोदाची वाट बघणाऱ्याच्या हाती थोडंच लागतं. तो मुख्य वाटेवरून कुठल्या शब्दावर उतरला आणि कुठल्या शब्दावर परत आला ते टिपा. एका बैठकीत एकच स्वगत ऐकवा. दोन लागोपाठ लावली की पद्धत उघडी पडते आणि मजा जाते.

बातम्यांच्या टेबलाबद्दल थोडक्यात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोघं टेबलामागे बसून खोट्या बातम्या वाचतात. बार्करला स्वतः म्हणून, कुठलंही सोंग न घेता, लोकांसमोर बोलणं फार अवघड जायचं. हे टेबल आणि चष्मा त्याचा आडोसा होता. बातम्यांमधले बरेचसे विनोद त्या आठवड्याचे आहेत, ते पुढं ढकला. शेवटचं निरोपाचं वाक्य मात्र ऐकाच. कॉर्बेट म्हणतो, माझ्याकडून शुभरात्री. बार्कर म्हणतो, आणि याच्याकडून शुभरात्री. स्वतःच्या नावानं तिथंही तो बोलत नाही.

शेवटची वेशभूषेतली गाणी ज्यांना संगीत कळतं त्यांनी बघावीत. ओळखीच्या चाली, नवे शब्द. बार्करची शब्द उलटेपालटे करणारी भाषणं इंग्रजी चांगलं मुरलेल्यांसाठी ठेवा. क्रमशः चालणाऱ्या गोष्टींपैकी स्पाइक मिलिगन आणि बार्करनं मिळून लिहिलेली, 1976 मधली जुन्या लंडनच्या भामट्याची गोष्ट बघण्यासारखी आहे.

1980 ची ‘द वर्म दॅट टर्न्ड’ ही क्रमशः गोष्ट मात्र मी दाखवत नाही. बायकांच्या हाती राज्य आलंय आणि पुरुषांना झगे घालावे लागतायत, एवढ्याच कल्पनेवर ती उभी आहे. इतरही बऱ्याच ठिकाणी बाईचं शरीर हाच विनोद असतो, आणि तोंडाला काळा रंग फासून केलेले तुकडे आहेत. आमच्या ग्रुपात कॉलेजच्या मुली असतात. ‘त्या काळी चालायचं’ म्हणून पुढं जाणं मला पटत नाही. त्या काळीही ते कुणाला तरी लागतच होतं. असा तुकडा मध्येच आला तर थांबवा, काय खटकतंय ते मोठ्यानं बोला, मग पुढं जा किंवा बंद करा. ज्या माणसाला ‘फोर कँडल्स’ लिहिता येतं त्याला याची गरज नव्हती, हे मी मुलींसमोर स्पष्ट म्हणते.

हशा ऐकायला शिका. स्टुडिओतले प्रेक्षक खरे आहेत. बाहेर फिल्मवर चित्रित केलेले भाग वेगळे ओळखू येतात, चित्र दाणेदार आणि रंग मऊ. तेही स्टुडिओतल्या प्रेक्षकांना दाखवले जायचे. काउंटरवरच्या प्रहसनात हशा आला की कॉर्बेट काय करतो बघा. तो वस्तू उचलतो, ठेवतो, पेटी सरळ करतो, म्हणजे पात्राचं काम चालू ठेवतो आणि हशा उतरायला लागला की बोलतो. हशा घेणं म्हणजे काय हे तालमीत तोंडानं सांगून कळत नाही, इथं दिसतं.

बार्कर 1987 अखेर निवृत्त झाला आणि ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टनमध्ये त्यानं जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. काउंटरमागचा जिवंतपणा इतका नेमका पकडणारा माणूस स्वतः काउंटरमागे जाऊन उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे. त्याची दुकानाची ओढ आणखी बघायची असेल तर ‘ओपन ऑल अवर्स’ ही मालिका घ्या, त्यात तो किराणा दुकानदार आहे.

बघून झालं की लिहा. भाषांतर करू नका, मेणबत्त्या आणि दांडे मराठीत एकत्र येत नाहीत. आपला काउंटर घ्या. आमच्याकडे ‘चावी’ म्हटलं की कुलपाचीही असते आणि नळाचीही. तासगावकडचा कुणी मामा येऊन ‘अक्का, अर्ध्या इंची चावी द्या’ म्हणाला की मी नळाची काढते. पुढच्याला तीच काढली तर तो कुलूप दाखवतो. करवतीचं ‘पान’ आणि बोल्टचा ‘पाना’ गर्दीत सारखेच ऐकू येतात. औषधाच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, हळदीच्या अडतीत असंच काहीतरी सापडेल. वस्तूंची यादी आधी करा, आणि त्यातली एक तरी अशी ठेवा जी उंचावर आहे, जिला उतरवायला कष्ट पडतात. गिऱ्हाइकाला एकही चुकीचा शब्द देऊ नका. दुकानदाराला एकही चुकीची वस्तू आणू देऊ नका. मग दोघांनी ते मोठ्यानं वाचा, आणि लगेच भूमिका बदलून परत वाचा. एकाच बाजूनं हसू येत असेल, तर ज्याच्या वाट्याला कमी वाक्यं आहेत त्याला त्या वेळात हातानं करायला काम द्या आणि पुन्हा वाचा.